फणसाची फळी

माझ्या कामाच्या खोलीत पहिल्यांदा येणारा माणूस आधी नाकाला रुमाल लावतो आणि मग विचारतो, "बाई, हे सगळं ठेवता तरी कशाला?" समुद्राने टाकलेलं आणि माणसाला उचलता येईल असं सगळं त्या खोलीत आहे. काथ्याच्या दोरांचे तुकडे, निळ्या नक्षीच्या बश्यांच्या कपच्या, बाटल्यांची बुचं, चपलांचे तळ, किड्यांनी पोखरून चाळण केलेली लाकडं, कवड्या. मी हे सगळं एकमेकांना जोडते, टांगते, कधी रंगवते, आणि मुंबईत त्याची प्रदर्शनं भरतात. तिथे जाणकार मंडळी हाताची घडी घालून म्हणतात की बाईंना टाकाऊ वस्तूंत सौंदर्य दिसतं. दिसत असेल बापडं. मी सौंदर्य शोधायला कधीच किनाऱ्यावर गेले नव्हते. मला आईने पाठवलं होतं. कशासाठी, आणि त्यातून माझ्या हातून काय झालं, हे आजवर कुणाला सांगितलं नाही. आता ज्यांच्यापुढे मान खाली घालावी लागली असती ती माणसं राहिली नाहीत, म्हणून लिहिते आहे.

आमचं घर चौलच्या वाड्यांतलं, नारळी-पोफळींच्या सावलीत दिवसाही अंधारलेलं. मागे विहीर, विहिरीवर रहाट. तो पहाटेपासून कुरकुरायचा आणि त्याच्या पलीकडे समुद्राचा आवाज. रहाट थांबला की समुद्र ऐकू यायचा, एरवी तो असतो हेच आम्ही विसरून जात असू. वाडी भिकाकाका बघायचा, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. बाबा तांडेल होते, गावातल्या एका शेटच्या गलबतावरचे मुख्य खलाशी. श्रीवर्धनकडची सुपारी भरून मुंबईला न्यायची, येताना मिळेल तो माल आणायचा. घरी असले की त्यांच्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. घरातल्या प्रत्येक लाकडावर त्यांनी चाफ्याचं फूल कोरलेलं. पोळपाटाच्या पायाला फूल, विळीच्या पाटाला फूल, पाळण्याच्या दांडीला फूल. चार पाकळ्या पुऱ्या आणि पाचवी मुद्दाम अर्धी सोडलेली. पुरं केलं की दृष्ट लागते, म्हणायचे. त्यांची प्रवासाची पेटीही त्यांनीच फणसाच्या लाकडाची केली होती आणि तिच्या झाकणावर तळहाताएवढं फूल होतं. पेटी करून उरलेल्या फळीचं आईने कोंबड्यांच्या खुराड्याला दार करून घेतलं. आई कसली वस्तू वाया जाऊ देणार!

बाबा समुद्रावर असले की आमच्या घरात भांडं उपडं ठेवायचं नाही, असा आईचा नेम होता. उपडं भांडं म्हणजे उपडं गलबत. घासलेली पातेली, तांबे, परळ, सगळं तोंड वर करून मांडायचं. त्यामुळे भांडी कधी नीट निथळत नसत, तळाशी पाणी राहायचं, त्यात पाल पडायची, पेजेला ओशट वास यायचा. ताई नि मी त्यावरून कुरकुरायचो. ताई म्हणजे माझी थोरली बहीण शेवंती, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी तेव्हा बाराची होते. एकदा मी चुकून लोटी उपडी घातली आणि आईने मला फुंकणीने मारलं होतं. बाबा परतले की मात्र आई पहिल्यांदा स्वयंपाकघरात जाऊन धडाधड सगळी भांडी उपडी करायची आणि मग त्यांच्यापुढे पाणी ठेवायची. भांड्यांचा तो खणखणाट म्हणजे आमच्या घरातला सण.

वैशाख सरत आला की गलबतं वर ओढून शाकारून ठेवायची, हा सगळ्या किनाऱ्याचा रिवाज. त्या वर्षी आमचं गलबत ओढायचा दिवस ठरला होता, नारळ आणून ठेवला होता. शेट म्हणाला, सुपारी पडून आहे, एक खेप मारून या. बाबांनी आभाळ बघितलं आणि हो म्हटलं. नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नाही. तिसऱ्या दिवशी वादळ झालं. बरोबरचे दोन खलाशी हरिहरेश्वराकडचे होते, त्यांची प्रेतं तिकडच्याच किनाऱ्याला लागली आणि त्यांच्या माणसांनी ओळखली. गलबताचं काही मिळालं नाही. बाबांचं काही मिळालं नाही.

लोक समजवायला आले. आई त्यांना चहा करून द्यायची आणि म्हणायची, "दोघं गावले ना? मग ह्ये का गावले न्हायती? पोहतीत ते. कुटंतरी लागले असतील." त्यात शेजारच्या मोहल्ल्यातले युसूफ नाखवा एकदा पडवीत बसून सांगून गेले की त्यांच्या मामूंना असंच एका मोठ्या जहाजाने उचलून बसऱ्याला नेलं होतं आणि ते चौथ्या वर्षी दाढी वाढवून घरी आले. नाखवा भला माणूस. धीर द्यायला म्हणून बोलले. आईने ती गोष्ट अशी धरून ठेवली की विचारू नका. रोज कुणालातरी सांगायची, आणि सांगताना मामूंची दाढी दर खेपेला वाढत जायची.

तेव्हापासून मला ओहोटीला किनाऱ्यावर पाठवू लागली. लाकडं गोळा करायला तर आम्ही सगळेच जायचो, पावसाळ्यात समुद्र पुष्कळ सरपण टाकतो. पण आता लाकडांसाठी नव्हतं. "जे गावंल ते आण बाय. बारकं असलं तरी आण. मी बघीन." मी पाटी भरून आणायची. आई पडवीत बसून एकेक वस्तू हातात घ्यायची, पालथी करायची, पदराने पुसायची, वास घ्यायची. कापडाची चिंधी असेल तर शिवण बघायची. मग बाजूला ठेवायची. टाकू मात्र काहीच द्यायची नाही, न जाणो उद्या ओळख पटेल. पडवीचा एक कोपरा भरला, मग दुसरा. मी वस्तू बघायला शिकले ती तिथे. लाकूड किती दिवस पाण्यात होतं, दोर कापला की तुटला, काच गोड पाण्याची की खाऱ्या पाण्याची, हे मला आजही हात लावून सांगता येतं. लोक मला विचारतात, तुमचे गुरू कोण? मी काहीतरी थातुरमातुर सांगते.

नारळी पौर्णिमा झाली, समुद्र खुला झाला, श्रावण गेला, दुसऱ्यांची गलबतं गेली नि आली. आमच्या घरात मासळी येणं जवळजवळ थांबलंच होतं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वालाचं बिरडं. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. कुणी मुद्दाम अपमान करायचं नाही, पण आईच्या कपाळाला बोट लावावं की लावू नये हे बायकांना कळत नव्हतं, म्हणून त्या आमच्या दारावरून जाताना चालीत घाई आणायच्या. आई मात्र रोज सकाळी आधी मेण मग पिंजर, असं ठसठशीत रुपयाएवढं कुंकू लावायची. मला त्या कुंकवाची भीती वाटू लागली होती.

ताईचं लग्न थळला ठरलेलं होतं. बाबांनीच ठरवलेलं. मुलगा मी पाहिला होता, कान जरा मोठे होते पण हसरा होता, आणि ताईला तो आवडला होता हे मला एकटीला ठाऊक होतं. थळला आता खताचा केवढा कारखाना झालाय, ताईची नातवंडं तिथे कामाला आहेत. तेव्हा ती नुसती मासळीची नि वाड्यांची वस्ती होती. दिवाळी झाल्यावर तिच्या होणाऱ्या सासऱ्यांनी येऊन पडवीत, त्या सगळ्या लाकडांच्या आणि चिंध्यांच्या ढिगाशेजारी, बैठक मारली.

"गेला असंल तर गेला म्हना," ते काकाला म्हणाले. "आमची काय तक्रार न्हाय. तू चुलता हायस, तू कन्यादान कर. हाय म्हनता, तर आना त्याला मांडवात. मधल्यामधी आमच्या पोराला किती दिस टांगून ठेवाल?"

आई दाराआडून बोलली. "ते आल्याबिगर माज्या पोरीचं कन्यादान कुनी करायचं न्हाय."

"वैनी, पौसापातूर थांबतो. मग आमाला दुसरीकडं बगायला लागंल."

ते गेल्यावर काका आईला म्हणाला, "वैनी, पालाशविधी करून घेऊ. भटजींना इचारलाय मी." प्रेत मिळालं नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात, तो हा विधी. आईने हातातली विळी काकाच्या अंगावर फेकली. ती भिंतीला लागली. काका पुन्हा त्या विषयावर बोलला नाही.

ताई मनातलं कधीच बोलायची नाही. कार्तिकातल्या एका दुपारी मी वाडीत शेणी आणायला गेले तर रहाट थांबलेला होता. बैल सोडलेला होता आणि ताई विहिरीच्या कठड्यावर पाय आत सोडून बसली होती. तिने हातातल्या बांगड्या काढून शेजारी दगडावर नीट ठेवल्या होत्या, मोठीवर लहान अशी उतरंड करून. मी हाक मारली नाही, कारण दचकली असती. मी जाऊन तिच्या शेजारी तशीच बसले. खाली पाणी फार लांब होतं. ती म्हणाली, "आई वाट बगतेय त्यांची. माजी कोन बगल?" मग तिने बांगड्या परत चढवल्या आणि आम्ही घरी आलो. मी ते कुणाला सांगितलं नाही. सांगून होणार काय होतं? आईला खूण हवी होती, आणि समुद्र देत नव्हता.

म्हणून मी केली. खुराड्याचं दार मी बिजागरीसकट उचकटून काढलं. दार कुणी सरपणाला पळवलं असं घरात ठरलं. दुसऱ्या दिवशी दोन कोंबड्या गेल्या आणि काकाने मुंगसाच्या सात पिढ्या उद्धरल्या. वाडीच्या टोकाला केवड्याच्या बनात बसून बाबांच्या छोट्या पटाशीने मी त्या फळीवर फूल कोरलं. पोळपाटावरच्या फुलावरून बोट फिरवून फिरवून ते माझ्या बोटांना पाठ झालं होतं. चार पाकळ्या पुऱ्या, पाचवी अर्धी. मग फळी मधून तिरकी फोडली, अर्ध्या पाकळीचा थोडा भाग फुटीत गेला. कडा वाळूने घासून गोल केल्या. बाबांच्या पेटीला तांब्याचे खिळे होते, तेव्हा जुन्या होडीच्या फळीतला एक खिळा काढून तो कडेला ठोकला. फळी काथ्याने बांधून खाडीच्या तोंडाशी खडपात, म्हणजे पाण्यातल्या खडकांत, जिथे मोठ्या ओहोटीलाच पाय ठेवता येतो अशा जागी, दगडाखाली दाबली. दोन अमावस्या ती तिथे राहिली. मी मधूनमधून जाऊन बघायची. लाकूड काळवंडलं, त्यावर पांढरे खरखरीत शिंपले धरले, खिळा काढला तर भोकाभोवती हिरवी झाक राहिली होती. ती हिरवी झाक बघून मला आनंद झाला. आनंदच झाला, दुसरा शब्द नाही. आपण केलेली वस्तू खरी दिसते आहे याचा तो आनंद मला नंतर आयुष्यात पुष्कळ वेळा झाला.

पौषातल्या एका सकाळी मी ती पाटीत तळाशी ठेवली, वर इतर लाकडं, आणि घरी आले. आई नेहमीसारखी एकेक वस्तू बघत होती. काथ्या. बांबूचं पेर. फुटकी करवंटी. फळी हातात आली तेव्हा ती आधी मागच्या बाजूने आली. मग तिने पालथी केली.

तिने अंगठा फुलावरून फिरवला. एकदा सुलटा, एकदा उलटा. शिंपले नखाने खरवडले. खिळ्याच्या भोकात करंगळी घालून बघितली.

"कुटं गावली?"

"देवळाखालच्या खडपात."

"भरतीच्या रेघेवर का खाली?"

"खाली. दोन दगडांत अडकली होती."

"आनि दुसरं काय न्हवतं? कापड बिपड?"

"न्हाय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं नाही. बघायला हवं होतं, पण बारा वर्षांच्या पोरीला जेवढं खोटं वागता येतं तेवढं मोठ्यांना येत नाही. आई उठली, फळी घेऊन आत गेली. आतून पहिल्यांदा एका पातेल्याचा आवाज आला. मग दुसऱ्याचा. मग तांब्यांचा, परळांचा. एकेक भांडं ती सावकाश उपडं घालत होती, त्यांतलं साठलेलं पाणी जमिनीवरून वाहत उंबऱ्यापर्यंत आलं. आणि ज्या ताईसाठी मी हे केलं ती अंगणातून धावत आली आणि किंचाळायला लागली, "न्हाय ते बाबांचं! दुसऱ्या कुनाचं असंल! आई, न्हाय ते!" तिला आवरायला काकाला दोन बायका बोलवाव्या लागल्या.

भटजींनी तिथी काढली. पळस आमच्या वाड्यांत होत नाही, काका डोंगराकडच्या गावातून पानं घेऊन आला. तीनशे साठ लागतात. भटजी अंगणात बसून पानांचे देठ दर्भाने बांधत होते, हात झाले, पाय झाले, छाती झाली, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. मग त्यांनी मान वर करून विचारलं, "डोळ्यांना दोन कवड्या लागतील. घरात आहेत का?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्यापाशी डबाभर होत्या. मी डबा आणला आणि त्यातून दोन सारख्या निवडायला बसले. घाई करत होते सगळे, पण मला सारख्याच हव्या होत्या. भटजींनी त्या नारळाला चिकणमातीने लावल्या. एक जरा तिरकी बसली. मी पुढे होऊन ती सरळ केली आणि काका ओरडला, कारण बायकांनी हात लावायचा नव्हता. पण सरळ केल्यावर तो पानांचा माणूस आमच्याकडे बघायला लागला, हे काकालाही दिसलं असणार, कारण तो दोन पावलं मागे सरला.

मी भटजींना विचारलं, "आणि समजा ते आले तर?"

भटजी हसले नाहीत. गाठ मारता मारता म्हणाले, "शास्त्रात तेही सांगितलंय, मुली. अग्नी दिलेला माणूस परत आला तर तो मेलेलाच. त्याला तसा घरात घेता येत नाही. तुपाच्या रांजणात बसवून काढायचा, म्हणजे पुन्हा जन्मला. मग जातकर्म, बारसं, सगळं पहिल्यापासून. बायकोशी लग्नसुद्धा पुन्हा लावायचं."

"भटजी, तिला कशाला सांगतासा," काका म्हणाला. "ती येडी हाय जराशी."

बाबा दाढी वाढवून वाडीच्या फाटकातून येताहेत, आणि त्यांना कुणी आत घेत नाही, आणि ते विचारताहेत की मला मारलं कुणी, हे मला त्या उजेडात, भर सकाळी, डोळ्यांपुढे दिसलं. आईला बायका मागच्या दारी नेत होत्या. बांगड्या फोडायला दगड मांडलेला होता. तेव्हा ओरडायला हवं होतं. एक शब्द पुरे होता. मी आईकडे बघितलं, मग ताईकडे. ताईने माझा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतल्या होत्या. मी ओरडले नाही. मागच्या दारी बांगड्या फुटल्याचा आवाज आला आणि नंतर आई पहिल्यांदा रडली. आठ महिने जमवून ठेवलेलं रडली. तशी रडणारी बाई मी त्यानंतर पाहिली नाही.

ताईचं लग्न वैशाखात झालं. काकाने कन्यादान केलं. ती थळला सुखाने नांदली, सहा मुलांची आई झाली, आणि मोठ्या कानांचा तो माणूस तिला म्हातारपणापर्यंत हसवत राहिला. म्हणून मी केलं ते बरोबर होतं, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. समजूत पटते, पण सकाळपर्यंत टिकत नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीच हे मला कळलं होतं. आई पडवीत बसून तांदूळ निवडत होती. कपाळ मोकळं, हात मोकळे, चेहऱ्यावर खूप दिवस आजारी असलेल्या माणसाला ताप उतरल्यावर येते तसली शांतता. रात्री ती घोरली होती. काका घोरला होता. ताईसुद्धा झोपली होती. ओहोटी लागलेली बघून मी पाटी उचलली.

"कुटं निघालीस गो?" आई म्हणाली. "आता काय शोधायचं न्हाय बाय. आता बस हितं."

"लाकडं आणते," मी म्हटलं.

आणि मी किनाऱ्यावर गेले, देवळाखालच्या खडपापासून खाडीच्या तोंडापर्यंत, प्रत्येक चिंधी उलटी करून बघत. बाबा गेले हे आता घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मला एकटीला ठाऊक नव्हतं.